बाहुकाचा पगार

नळदुर्गात राहून नवऱ्यांबद्दल फार बोलता येत नाही, कारण अख्खं गावच एका नवऱ्याच्या नावावर आहे. इतिहासाचे लोक येतात, उपली बुरुजाच्या पायऱ्यांवर दम खात सांगतात की किल्ला कल्याणीच्या चालुक्यांच्या कुणा मांडलिकाने बांधला, बहामनींनी दगडात घातला, विजापूरच्या आदिलशहांनी वाढवला आणि 1613 साली बोरी नदीच्या बांधाच्या पोटात पाणीमहाल बसवला. खरंच असेल. पण गावात कुणालाही विचारा, किल्ला नळराजाचा. मांडलिकाचं नाव कुणाला ठाऊक नाही. नळाचं सगळ्यांना ठाऊक आहे, आणि त्याने बायकोचं काय केलं तेही.

ही गोष्ट मी लहानपणी प्रेमकथा म्हणून ऐकली. एकतीस वर्षं शाळेत कारकुनी केली तेव्हाही ती प्रेमकथाच होती. निवृत्तीनंतर बसस्टँडसमोर भाच्याच्या ऑनलाइनच्या दुकानात बसायला लागलो, लोकांचे अर्ज भरायला लागलो, आणि एके दिवशी लक्षात आलं की ही तर सरळसरळ पोटगीची केस आहे.

बघा. नवरा जुगारात राज्य हरला. बायको शहाणी. सगळं जातंय असं दिसताच तिने दोन्ही लेकरं सारथ्याबरोबर माहेरी, विदर्भात कुंडिनपूरला पाठवून दिली. म्हणजे लेकरं आजोळी. पुढे रानात नवऱ्याच्या अंगावरचं एकुलतं एक वस्त्र पाखरं घेऊन उडाली. स्थावर निरंक, जंगम निरंक. मग गड्याने काय करावं? बायको झोपेत असताना तिच्याच अंगावरचं निम्मं वस्त्र कापलं आणि चालता झाला. पोटगी देणं बाजूलाच राहिलं, जाताना निम्मं घेऊन गेला. पुढे रूप पालटलं, नाव पालटलं आणि 'बाहुक' म्हणून अयोध्येला ऋतुपर्ण राजाकडे घोड्यांच्या कामावर लागला. महाभारतात पगाराचा आकडासुद्धा आहे: शंभर गुणिले शंभर, दहा हजार. राहणं-खाणं मालकाकडे. त्यातली एक दमडी कुंडिनपूरला गेल्याची नोंद मला तरी सापडली नाही.

दमयंतीने त्याला शोधला तो ब्राह्मण धाडून, दुसऱ्या स्वयंवराची खोटी आवई उठवून, आणि शेवटी त्याने रांधलेलं चाखून. उत्पन्न लपवलेल्या नवऱ्याला चवीवरून धरणारी ती पहिली बाई. आता हे काम एखादी फुटलेली चुलत जाऊ करते.

आमच्याकडे अशा केसला 'एकशे पंचवीस टाकणं' म्हणतात. "तिनं एकशे पंचवीस टाकली," एवढं म्हटलं की पुढचं सगळं कळतं. फौजदारी प्रक्रिया संहितेचं ते कलम 125. आता 1 जुलै 2024 पासून नवी संहिता आली आणि पोटगीचं कलम झालं 144. यात एक घोटाळा झाला. आमच्या पिढीला 144 म्हणजे जमावबंदी. एका आजोबांच्या घरी नोटीस आली, तिच्यावर 144 बघितलं, आणि त्यांनी दोन दिवस पारावर येणंच बंद केलं. पाच माणसांनी एकत्र जमू नये ते जुनं 144, दोन माणसं एकत्र नांदेनात म्हणून लागतं ते नवं, हे त्यांना समजावायला मला चहा पाजावा लागला.

तर दुकान. दोन संगणक, एक प्रिंटर, बोटांचे ठसे घ्यायचं एक यंत्र (ज्यावर शेतात राबणाऱ्या कुणाचाच ठसा उमटत नाही), आणि मी. माझं काम अक्षराचं. वकील लोक नमुना देतात, भरून आणा म्हणतात, आणि माणसं तो घेऊन माझ्यासमोर बसतात.

हा नमुना म्हणजे मोठी मजेची चीज आहे. तो ज्या खटल्यातून निघाला, तो आपल्या नागपूरचा. तिथल्या कौटुंबिक न्यायालयाने बायकोला महिन्याला 15 हजार आणि लेकराला आधी 5, मग 10 हजार अंतरिम पोटगी लावली. नवरा हायकोर्टात हरला, सुप्रीम कोर्टात गेला. तिथे नोव्हेंबर 2020 मध्ये 'रजनेश विरुद्ध नेहा' असा निकाल लागला आणि कोर्टाने देशभरासाठी दंडक घालून दिला: दोघांनीही आपापलं उत्पन्न, मालमत्ता, देणी शपथेवर लिहून द्यायची. शहरी माणसाला वेगळा नमुना, शेतीवाल्याला वेगळा. शेतीच्या नमुन्यात जमीन किती, कोरडवाहू की बागायती, पिकं कोणती, तीन वर्षांचं उत्पन्न किती, बटईने केलीय का, आणि मग जनावरं. म्हशी, गाई, शेळ्या, कोंबड्या, मासे, मधमाश्या, डुकरं. ज्याने कुणी हा नमुना केला त्याने खेड्यातला नवरा जवळून बघितलेला असणार.

एक पस्तिशीचा गडी आला. पांढरा शर्ट, कपाळाला भंडारा, हातात कागदाची सुरळी.

"काका, जरा बेतानं लिवा."

"मी लिहितो ते तू सांगशील ते. जमीन किती?"

"वडलांच्या नावावर हाय."

"अरे, मागच्या साली पीएम किसानचं तुझ्याच नावाने मी बघून दिलं होतं की."

"तवा माज्या नावावर होती."

"मग?"

"मग नोटीस आली न्हवं, काका."

पीएम किसानचे वर्षाला 6 हजार, त्यावर राज्याच्या नमो शेतकरीचे 6 हजार. तेव्हा हा शेतकरी. पोटगीच्या वेळी शेतमजूर. मी लिहिलं: शेतमजुरी.

"म्हशी?"

"येक. भाकड हाय."

मी 'एक (भाकड)' असं लिहिलं. मग आधार कार्ड मागितलं. ते त्याने ज्या कागदात गुंडाळून आणलं होतं तो उलगडला, तर डेअरीची दहा दिवसांच्या दुधाची पावती. भाकड म्हशीच्या दुधाला फॅट लागलं होतं 6.8. मी पावतीकडे बघितलं, त्याने माझ्याकडे बघितलं. मग त्याने कार्ड तेवढं माझ्यासमोर ठेवलं आणि पावतीची घडी घालून खिशात सारली. अगदी सावकाश, नोट ठेवावी तशी.

"मधमाश्या?"

"चेष्टा करायलाव का काका?"

"मी नाही, सुप्रीम कोर्ट विचारतंय."

तो विचारात पडला. "बांदावरच्या बाभळीला हायेत. पर त्या कुणाच्याच नावावर न्हाईत."

"इतर उत्पन्न?"

"न्हाई."

"टमटम?"

"ती मैतराची हाय. मी नुस्ती चालवताव."

"पगार?"

"मैतराकडनं पगार घेतेत व्हय?"

बाहुकाने निदान पगार ठरवून घेतला होता.

आता याची दुसरी बाजू मी सांगितली नाही तर माझंही शपथपत्र खोटं पडेल. सगळेच गडी बाहुक नसतात. 2024 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव होता 4892 आणि आडतीवर काटा लावल्यावर हातात पडत होते त्याहून कितीतरी कमी. 'तीन वर्षांचं उत्पन्न' या रकान्यापुढे बसून एका माणसाने खरोखर हिशेब केला, बियाणं, खत, फवारणी, काढणी वजा केली, आणि उत्तर उणे आलं. रकान्यात उणे लिहायची सोय नव्हती. अशा माणसाकडून पोटगी म्हणजे दगडाचं दूध. पण 2022 साली सुप्रीम कोर्टाने एका निकालात सांगून ठेवलंय की नवरा धडधाकट असेल तर अंगमेहनत करून का होईना, त्याने बायको-लेकरं पोसलीच पाहिजेत. तेव्हापासून नळदुर्गच्या स्टँडवर ताडताड एसटी पकडणारी माणसं तुळजापूरला तारखेला उतरताना जरा लंगडतात.

बाईचं असं नसतं. बाईचं उत्पन्न खिशातून खिशात जात नाही, ते पासबुकावर छापून येतं. या गड्याची बायको माहेरी, गावातच, आईवडिलांजवळ. पोरगा तिसरीत. ती शाळेत खिचडी शिजवायला जाते. त्याचे महिन्याला 2500. याला पगार म्हणायचं नाही, 'मानधन' म्हणायचं. पगार म्हटला की उद्या कायम करावं लागतं. नुसता मान देऊन भागत नाही म्हणून सोबत थोडं धन, एवढंच. सकाळच्या सत्रात दीडशे पोरांची खिचडी, दुपारी घरी मशीनवर पिको-फॉल. आणि 2024 च्या ऑगस्टपासून खात्यात लाडकी बहीणचे 1500.

नवऱ्याच्या वकिलाने कोर्टात दिलेली कैफियत तिने मला वाचायला आणून दिली. त्यात तिची ओळख अशी होती: 'अर्जदार ही शासकीय सेवेत कार्यरत असून, शिवणकामाचा स्वतंत्र व्यवसाय करते व शासनाकडून नियमित अर्थसहाय्य घेते.' मी वर बघितलं. समोर बाई बसली होती, पायात झिजलेली स्लिपर, बोटाला हळद. मला क्षणभर वाटलं उठून खुर्ची द्यावी.

"काका, ह्यात लिवलंय ती बाई कोन हाय?" तिने विचारलं. "तिला म्हनावं, मला धा हजार उसने दे."

गंमत म्हणजे हीच बाई त्याआधी संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज घेऊन आली होती. त्यात परित्यक्ता बसते, घटस्फोटित बसते, पण वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 21 हजार. मी हिशेब मांडला. मानधन 2500, सुट्ट्या सोडून दहाच महिने धरले तरी 25 हजार. 4 हजारांनी श्रीमंत! लाडकी बहीणची मर्यादा अडीच लाखांची, तिथे मात्र गरीब. म्हणजे ही बाई एका टेबलावर निराधार नाही, दुसऱ्या टेबलावर लाडकी आहे, आणि तिसऱ्या टेबलावर शासकीय सेवेत आहे. चौथं टेबल बाल संगोपनचं. एकटी आई लेकरू सांभाळत असेल तर त्या लेकरापाठी महिन्याला 2250 मिळायची सोय आहे. पण तिथे कागदांची यादी एवढी की ती गोळा करायला खिचडीचं काम सोडावं लागेल. सोडलं तर मग तो निराधारचा अर्ज बसतो. मी हे तिला सुचवून बघितलं. तिने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती दीडशे पोरांना गप्प बसवणारी नजर होती.

कायदा तसा तिच्या बाजूने आहे. बाई थोडंफार कमावते म्हणून पोटगी बंद असं होत नाही. कमवू शकते आणि कमावते यातला फरकही सुप्रीम कोर्टाने 2017 साली दाखवून दिलाय. आई चांगली कमावती असेल तर लेकराचा खर्च दोघांनी आपापल्या ऐपतीच्या प्रमाणात उचलायचा, एरवी शिक्षणाचा भार बापावर. आणि लेकराची पोटगी ही लेकराची असते, आईला दिलेली भीक नव्हे. एकेकाळी सगळ्याला मिळून 500 रुपयांची टोपी घातलेली होती. 1973 च्या कायद्यातली ही मर्यादा 2001 साली उठली. महिना थकवला तर एक महिन्यापर्यंत कैद, आणि कैद भोगली म्हणून थकबाकी फिटत नाही. हे शेवटचं मी गड्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हंजे दोन्हीकडनं?" म्हटलं, होय, दोन्हीकडनं.

भाच्याचा एक मित्र इंग्लंडात असतो. तो सांगतो, तिकडे यासाठी सरकारी खातंच आहे. ते बापाला विचारतच नाही की बाबा तुझं उत्पन्न किती. थेट कराच्या कचेरीतून आकडा उचलतं. बाप सरकारी भत्त्यावर जगत असला तरी सुटका नाही, आठवड्याला 7 पौंड ठरलेले. हे ऐकून दुकानातले सगळे गप्प झाले. आमच्याकडे माणसाचं खरं उत्पन्न फक्त त्याच्या पानटपरीवाल्याला माहीत असतं, आणि टपरीवाल्याला साक्षीला बोलवायची तरतूद नमुन्यात नाही.

ताबा-बिबा या विषयात मात्र नळदुर्गाला कुणी शिकवू नये. आमचा खंडोबा बघा. देऊळ दोन, एक अणदूरला, एक इथे मैलारपुरात. मूर्ती एकच. वर्षातले दहाएक महिने देव अणदूरला असतो आणि उरलेले दोनेक महिने आमच्याकडे. पौष पौर्णिमेला यात्रा भरते, रस्ता पिवळा होतो, मग देव परत जातो. आणि नेताना-आणताना दोन्ही गावचे मानकरी लेखी करार करतात! अमुक दिवशी नेणार, अमुक दिवशी आणून देणार. देवाच्या नैवेद्याचा खर्च कुणी करायचा यावरून कुणी 144 टाकल्याचं ऐकिवात नाही. जिथे असेल तिथलं गाव पोटभर वाढतं. दोन घरचा पाहुणा उपाशी ही म्हण देवाला लागू नाही, लेकरांना आहे. (म्हाळसा आणि बाणाई अशी दोन घरं देवाने स्वतः कशी चालवली, हा प्रश्न मी पुजाऱ्यांना विचारणार होतो. बायकोने विचारू दिला नाही.)

मग आला 2025 चा सप्टेंबर, आणि लाडकी बहीणची ई-केवायसी.

सरकारला उत्पन्नाची खातरजमा करायची होती. त्यासाठी बाईचं आधार, बाईच्या मोबाइलवर ओटीपी. इथवर ठीक. पुढचा रकाना: पती किंवा वडिलांचं आधार, आणि त्यांच्या मोबाइलवर ओटीपी. लग्न झालंय म्हटल्यावर पती. दुकानासमोर रांग आणि रांगेत निम्म्या बायकांचे चेहरे पडलेले. कुणाचा नवरा वारलेला, कुणाचा पुण्याला, कुणाचा कुठेय ते पोलिसांनाही ठाऊक नाही. विधवांची आणि घटस्फोटितांची सोय पुढे झाली, मृत्यूचा दाखला किंवा कोर्टाचा कागद द्या म्हणाले. पण जी नुसतीच माहेरी बसलीय, तिच्याकडे कुठला कागद? नवरा जिवंत आहे, लग्न शाबूत आहे, फक्त नवरा नाही.

खिचडीवाल्या बाईने फोन लावला. दोन वर्षांत पहिल्यांदा. पलीकडून तो म्हणाला, "ओटीपी पायजे व्हय? केस मागं घे, मग सांगताव." आणि फोन कट.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "पंधराशे गेले तर गेले. वरनं येक साडी जास्ती पिको करीन." आणि निघून गेली.

दोन दिवसांनी गडी स्वतः दुकानात हजर. चेहरा उतरलेला. टमटम दारातच, मैतराची.

"काका, तिची ती केवायसी ऱ्हायलीय का अजून?"

"राहिलीय. का रे?"

त्याने इकडेतिकडे बघितलं. "वकीलसायेब तापलेत. म्हनले, आपन कैफियतीत लिवलंय की तिला सरकारचे पंधराशे येतेत, म्हनून पोराची पोटगी कमी करा. आन तू ओटीपी दिऊना झालास. पैसे बंद पडले की ती पासबुक दाखवनार आन तेवडे तुज्याच बोकांडी बसनार."

मी चष्मा काढून पुसला. एकतीस वर्षांच्या कारकुनीत असा न्याय बघितला नव्हता.

"मग दे की ओटीपी."

"तुमी फोन लावा. माजा ती उचलत न्हाई."

संध्याकाळी ती आली, पोराला घेऊन. हा तोवर प्रवासी घेऊन जळकोटच्या बाजूला गेलेला. भाच्याने आधारचा आकडा टाकला, बटण दाबलं, मी माझ्या मोबाइलवरून त्याला फोन लावला आणि स्पीकर टाकला. ती तोंड फिरवून बसली. म्हणून आकडे लिहून घ्यायचं काम पोराकडे गेलं. दप्तरातून वही काढली, मागचं पान उघडलं, पेन्सिलीला थुंकी लावली.

"हां, सांगा पप्पा."

पलीकडे जरा शांतता. टमटमचं इंजिन तेवढं धडधडत होतं. मग एकेक आकडा आला. पोराने सहा आकडे लिहिले, भाच्याने टाकले, गोल गोल फिरत राहिलं आणि वेळ संपली. दुसरा ओटीपी. "परत सांगा पप्पा." हे सहा आकडे पहिल्याखाली. सर्व्हरने पुन्हा मान टाकली. तिसऱ्या वेळी ओटीपी यायलाच उशीर लागला. तेव्हा पलीकडून आवाज आला, "जेवलास का रं?"

"शाळेत खाल्ली खिचडी."

"कुनी केलती?"

"आईनं."

पुन्हा इंजिन. दमयंतीनेही म्हणे शेवटी लेकरांना दासीबरोबर बाहुकापुढे पाठवलं होतं, आणि तो रडला होता. हा रडला की नाही, टमटमच्या आवाजात कळलं नाही. त्याने आकडे सांगितले. चौथ्या खेपेला केवायसी झाली. पोराच्या वहीत चोवीस आकडे, चार ओळी, शुद्धलेखनासारखे एकाखाली एक.

ती उठली, पदराच्या गाठीतून पैसे काढायला लागली. भाचा म्हणाला, वीस रुपये. फोन अजून चालूच होता.

"काका," पलीकडून आवाज आला, "ते वीस रुपये माज्या नावावर मांडून ठिवा."

मांडले. अजून आलेले नाहीत.